सांतियागोचा वृद्ध सरदार

रोह्याला लागून असलेल्या वरसे गांवचें नांव आपल्यापैकीं पुष्कळ श्रोत्यांनीं ऐकलेंहि नसेल. ज्यांनीं ऐकलें असेल त्यांना तें कुंडलिका नदीमुळें आठवत असेल. सह्याद्रींतून उतरणारी ही नदी रोह्यावरून पश्चिमेकडे जाते, हळूहळू तिची खाडी होते, आणि उत्तरेस रेवदंडा व दक्षिणेस कोर्लईचा डोंगर ठेवून ती समुद्रास मिळते. आज ज्या वृद्ध योद्ध्याची हकीकत मीं सांगावयास घेतली आहे त्याची कर्मभूमि येथून बरीच दक्षिणेस, गोव्यास आहे. परंतु हिंदुस्थानांत त्याच्या वाट्यास जो पहिला मोठा अपमान आला त्याचें मूळ या कुंडलिकेच्याच मुखाशीं सांपडतें. म्हणून आपणहि तेथूनच आरंभ करूं.

इ. स. १५०८ चा मार्च महिना. चौल हें त्या वेळीं अहमदनगरच्या निजामशाहींतील गजबजलेलें बंदर होतें. पोर्तुगीजांचा पहिला व्हाइसरॉय फ्रान्सिस्कु द अल्मेदा याचा तरुण मुलगा लोरेन्सो कांहीं गलबतें घेऊन या खाडींत नांगर टाकून होता. त्याच्यावर ईजिप्तच्या मामलुक सुलतानाचा सेनापति अमीर हुसेन चालून आला, आणि मागोमाग दीवचा सुभेदार मलिक अयाज त्यास येऊन मिळाला. लोरेन्सोनें माघार घेण्याचें ठरविलें, पण बाहेर पडतांना त्याचें जहाज कोळ्यांनीं जाळ्यांसाठीं पाण्यांत रोवलेल्या खुंटांत अडकलें. कोंकणांतील कोळी डोल लावण्याकरितां असे खुंट आजहि रोवतात. मामलुकांच्या तोफांना जें साधलें नव्हतें तें या खुंटांनीं केलें! गोळा लागून लोरेन्सोचा पाय निकामी झाला. त्यानें डोलकाठीशीं खुर्ची मांडून घेतली व तींत बसून तो हुकूम देत राहिला. दुसऱ्या गोळ्यानें त्याचा अंत झाला.

त्याच वर्षाच्या अखेरीस कण्णूरच्या बंदरांत एक पन्नाशी उलटलेला सरदार व्हाइसरॉयापुढें येऊन उभा राहिला. त्याच्यापाशीं लिस्बनच्या राजाचें, मानुएलचें, पत्र होतें. अल्मेदानें अधिकार सोडावा व तो या सरदाराकडे द्यावा, असा त्यांतला मजकूर. सरदाराचें नांव आफोंसो द अल्बुकर्क. पुत्रशोकानें पेटलेल्या बापानें पत्र बाजूस ठेवलें. मुलाचा सूड घेतल्यावांचून आपण हिंदुस्थान सोडणार नाहीं, असें त्यानें सांगितलें आणि तो उत्तरेकडे निघाला. वाटेंत डिसेंबरच्या अखेरीस त्यानें दाभोळ जाळलें व तेथील लोकांची कत्तल केली. ३ फेब्रुवारी १५०९ रोजीं दीवच्या लढाईंत मुसलमानी आरमाराचा धुव्वा उडविला. सूड पुरा झाला, तरीहि अधिकार कांहीं त्यानें सोडला नाहीं. उलट अल्बुकर्कलाच कण्णूरच्या किल्ल्यांत अटकेंत ठेवलें. पोर्तुगालहून मार्शल कुटिन्यु हा मोठें आरमार घेऊन आला तेव्हां कोठें त्याची सुटका झाली. हा सर्व काळ त्यानें गिळलेला संताप पुढें कोणाकोणावर बाहेर पडला, हें सांगणें कठीण आहे. तो पडला एवढें खरें.

आतां हा अल्बुकर्क होता कोण? त्याचा जन्म लिस्बनजवळ अल्यांद्रा येथें १४५३ च्या सुमारास झाला. म्हणजे तुर्कांनीं कॉन्स्टँटिनोपल घेतलें त्याच्या आसपास. ज्या युरोपांत तो वाढला त्या युरोपाला मुसलमानी सत्तेचें भय व द्वेष हीं दोन्हीं दाईच्या दुधाबरोबर मिळत असत. तारुण्यांत तो मोरोक्कोंतील लढायांत होता. तुर्कांनीं इटलींतील ओत्रांतो शहर घेतलें तेव्हां त्यांच्यावर धाडलेल्या पोर्तुगीज आरमारांतहि तो गेला होता. शिवाय तो सांतियागोच्या संप्रदायाचा सरदार होता. हा संप्रदाय म्हणजे शस्त्रधारी साधूंची एक दीक्षाबद्ध फौज. पांढऱ्या झग्यावर तरवारीच्या आकाराचा तांबडा क्रूस हें त्यांचें चिन्ह, आणि स्पेन-पोर्तुगालच्या भूमीवरून मुसलमानांना हुसकावणें हें त्यांचें मूळ व्रत. या संप्रदायांत लग्नाला बंदी नव्हती. तथापि अल्बुकर्कनें लग्न केलें नाहीं. ब्रास नांवाचा एक अनौरस पुत्र मात्र त्यास होता व त्याच्यावर त्याचा जीव होता.

शस्त्र धरणारा साधु आपल्या श्रोत्यांना परका वाटूं नये. दशनामी आखाड्यांचे नागे, आणि विशेषतः अठराव्या शतकांतील अनुपगिरि गोसावी, हें नांव मराठ्यांच्या इतिहासांत ठिकठिकाणीं येतें. पण दोघांत एक मोठा भेद आहे. अनुपगिरि आज अयोध्येच्या नबाबाकडे, उद्यां मोंगलांकडे, परवां महादजी शिंद्यांकडे आणि शेवटीं इंग्रजांकडे गेला. शत्रु कोण हें त्याच्या लाभालाभावर ठरे. सांतियागोच्या सरदाराचा शत्रु त्याच्या जन्मापूर्वींच ठरलेला होता. असा माणूस चतुर असूं शकतो, दूरदर्शी असूं शकतो, न्यायीहि असूं शकतो. पण त्याच्या न्यायाला एका ठिकाणीं कुंपण असतें. अल्बुकर्कचें गोव्यांतील चरित्र समजावयाचें तर तें कुंपण कोठें होतें हें पाहिलें पाहिजे.

१५१० सालच्या आरंभींच कालिकतवरील अविचारी हल्ल्यांत मार्शल कुटिन्यु मारला गेला आणि अल्बुकर्क स्वतः गंभीर जखमी झाला. तरी कांहीं आठवड्यांतच तो पुन्हां समुद्रावर होता. होनावरच्या तिमोजानें, म्हणजे तिम्मय्यानें, त्याला गोव्याकडे वळविलें. विजापूरकरांचें लक्ष तिकडे नव्हतें. शहर फारशा लढाईशिवाय हातीं आलें. पण मे महिन्यांत आदिलशहाची मोठी फौज आली, पोर्तुगीजांना शहर सोडून जहाजांवर पळावें लागलें, आणि नेमका त्याच वेळीं पाऊस सुरू झाला.

आपण कोंकणांतले लोक! जूनमध्यें नदीच्या मुखाशीं दर्याचें रूप काय असतें हें आपणांस सांगावयास नको. मांडवीच्या तोंडावरील वाळूचा दांडा ओलांडून बाहेर जाणें अशक्य. कांठावर आदिलशहाच्या तोफा. आणि मधल्या पाण्यांत कुजणारीं जहाजें. आगस्टपर्यंत, म्हणजे जवळजवळ अडीच-तीन महिने, हे लोक तेथें कोंडून पडले. धान्य संपलें. माणसांनीं उंदीर खाल्ले, पेट्यांवरचें कातडें उकळून खाल्लें. आदिलशाही पक्षानें अन्न पाठविण्याची तयारी दाखविली तेव्हां अल्बुकर्कनें आजाऱ्यांसाठीं राखलेली थोडीशी शिदोरी आणून पाहुण्यांपुढें मांडली आणि आपणांस कांहीं कमी नाहीं असें भासविलें, अशी गोष्ट सांगतात. त्याचा आवडता भाचा आंतोनियु द नोरोन्या याच दिवसांत मारला गेला. कप्तान कुरबुरूं लागले. कांहींनीं तर उघड आज्ञाभंग केला.

याच काळांतील एक प्रसंग त्याच्या कीर्तीला कायमचा चिकटला. गोव्यांतून धरून आणलेल्या स्त्रिया एका जहाजावर ठेवल्या होत्या. रुइ दियश नांवाचा एक तरुण सरदार रात्रीं त्यांच्याकडे जातो हें उघडकीस आलें. अल्बुकर्कनें त्याला फांशीं देण्याचा हुकूम केला. कप्तानांनीं बंडाळी केली, फांस तोडला. अल्बुकर्क स्वतः होडींत बसून गेला, बंडखोरांना बेड्या घातल्या आणि फांशी अमलांत आणली. पोर्तुगीजांचा महाकवि कामोंइश यानें आपल्या महाकाव्यांत या देहान्तशासनाबद्दल त्याला दोष दिला आहे. भुकेनें व मरणानें वेढलेल्या तरुणाचा तो अपराध एवढ्या शिक्षेस पात्र नव्हता, असें कवीचें मत. सेनापतीचें मत वेगळें होतें. त्या स्त्रियांचें मत काय होतें हें विचारण्याची बुद्धि दोघांपैकीं एकालाहि झाली नाहीं.

पाऊस उघडल्यावर तो बाहेर पडला, नव्यानें आलेलीं जहाजें त्यानें जमविलीं आणि २५ नोव्हेंबर १५१० रोजीं, सेंट कॅथरिनच्या सणाच्या दिवशीं, पुन्हां गोव्यावर चाल केली. कांहीं तासांत शहर पडलें. त्यानंतर जें घडलें तें त्याच्या शत्रूंनीं लिहून ठेवलेलें नाहीं. तें त्यानें स्वतःच्याच लेखणीनें २२ डिसेंबरच्या पत्रांत आपल्या राजाला कळविलें. चार दिवसपर्यंत त्याच्या माणसांनीं सांपडेल त्या मुसलमानाची कत्तल केली, बायकामुलांसह. कांहींना मशिदींत कोंडून मशिदीला आग लावली. मेलेल्यांची संख्या तो सहा हजार देतो. शेतकरी व ब्राह्मण यांना मारूं नये असा आपण हुकूम दिला होता, असेंहि तो त्याच पत्रांत लिहितो.

हें पत्र वाचतांना अंगावर कांटा येतो तो आंकड्यामुळें नव्हे. आंकडा अशा पत्रांत फुगलेलाहि असूं शकतो. भीति वाटते ती त्यांतील स्वस्थपणाची. लिहिणारा माणूस क्रोधानें वेडा झालेला नाहीं. कर्तव्य पार पाडल्याचें समाधान त्याच्या ओळींत आहे. दाभोळला अल्मेदानें जें केलें तें सूडानें केलें, आणि सूडाला निदान अंत असतो. येथें सूड नव्हता, व्रत होतें. मघां मीं ज्या कुंपणाविषयीं बोललों तें हें.

आणि हाच मनुष्य त्यानंतरच्या कांहीं महिन्यांत गोव्याचा कारभार असा बसवितो कीं, पुढचे पोर्तुगीज अधिकारी त्याच्या तुलनेनें खुजे वाटावेत. खेड्यापाड्यांतील गांवकऱ्यांची जुनी व्यवस्था त्यानें मोडली नाहीं. वसुलीचें काम त्यानें प्रथम तिमोजाकडे व नंतर मल्हाररावाकडे, म्हणजे हिंदूंकडेच, सोंपविलें. नवीं नाणीं पाडलीं. सती जाण्याला त्यानें गोव्यांत बंदी केली; बेंटिंकच्या कायद्याच्या तीनशेंहून अधिक वर्षें आधीं! आपल्या शिपायांचीं येथील स्त्रियांशीं लग्नें लावून त्यांना घरें, जमिनी दिल्या. यांतील पुष्कळ स्त्रिया धरून आणलेल्या व बाप्तिस्मा दिलेल्या होत्या हें विसरतां येत नाहीं. पण किल्ल्यांत शिबंदी ठेवून व्यापार करावयाचा एवढाच बेत असलेल्या राजाला, येथें एक पोर्तुगीज प्रजा निर्माण करावी हा विचार प्रथम यानेंच सुचविला. पुढें चौल-रेवदंड्यास पोर्तुगीजांचा किल्ला झाला तेव्हां तेथेंहि अशींच कुटुंबें वसलीं. कुंडलिकेच्या दक्षिण तीरावर कोर्लईच्या पायथ्याशीं आजहि कांहींशें लोक पोर्तुगीजांतून निघालेली एक मिश्र बोली घरांत बोलतात. गोव्याच्या धर्मसमीक्षण न्यायालयाचें, म्हणजे इन्क्विझिशनचें, पाप कित्येकजण अल्बुकर्कच्या माथीं मारतात. तें चुकीचें आहे. तें न्यायालय १५६० मध्यें स्थापन झालें, त्याच्या मृत्यूनंतर पंचेचाळीस वर्षांनीं.

१५११ सालीं त्यानें मलाक्का घेतली. त्या मोहिमेचें वर्णन मी येथें करीत बसत नाहीं. परतींत घडलेली एक गोष्ट मात्र सांगतों. सुमात्राच्या किनाऱ्याजवळ त्याचें ‘फ्लोर द ला मार’ हें जहाज फुटलें. मलाक्केची अपार लूट समुद्रांत गेली. म्हातारा तराफ्यावर बसून कसाबसा वांचला. लुटींतील सोन्यापेक्षां त्याला अधिक हळहळ लागली ती ब्राँझच्या सिंहांची. ते त्यानें स्वतःच्या थडग्यावर बसविण्यासाठीं राखून ठेवले होते! साठीला टेकलेला मनुष्य राज्यें जिंकतांना मनांतल्या मनांत आपल्या थडग्याची आरास करीत होता.

तेथून पुढें त्याच्या मनाची धांव हिंदुस्थानच्या बाहेर जाऊं लागली. १५१२ च्या अखेरीस हबसाणच्या राणीचा मॅथ्यू नांवाचा वकील गोव्यास आला. त्यानें ख्रिस्ताच्या क्रूसाचा म्हणून एक लांकडाचा तुकडा आणला होता. अल्बुकर्कनें त्याची मिरवणूक काढली. कित्येक पोर्तुगीज त्या वकिलाला भोंदू समजत. अल्बुकर्कनें त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण त्याला ठेवावयाचा होता. युरोपांत साडेतीनशें वर्षें ज्या प्रेस्टर जॉन नामक ख्रिस्ती राजाच्या दंतकथा चालत आल्या होत्या, त्याच राजाचा माणूस आपल्या दारीं आला असें त्याला वाटलें. मार्च १५१३ मध्यें तो एडनवर चालून गेला. तटावर चढतांना माणसांच्या भारानें शिड्या मोडल्या आणि हल्ला फसला. तरी तो तसाच तांबड्या समुद्रांत शिरला. तेथें कामरान बेटाच्या बाजूस एके रात्रीं हबसाणच्या दिशेला आकाशांत क्रूस दिसला, असें त्यानें राजाला लिहिलें; जहाजावरच्या लोकांनीं गुडघे टेकून अश्रु ढाळले.

त्या दिवसांतले त्याचे बेत ऐकले म्हणजे हंसावें कीं थक्क व्हावें तें कळत नाहीं. हबसाणच्या डोंगरांत खणती लावून नाईल नदीचें पाणी तांबड्या समुद्राकडे वळवावें व ईजिप्त उपाशीं मारावें. त्यासाठीं मदैरा बेटांतील खडक फोडणारे कसबी कामगार पाठवावे. मदिनेवर घोडदळ घालून पैगंबरांचे अवशेष हस्तगत करावे आणि त्यांच्या मोबदल्यांत जेरुसलेम मागावें. हे बेत करणारा माणूस त्याच सुमारास इराणच्या शहा इस्माइलाकडे वकील पाठवीत होता, विजयनगरशीं घोड्यांच्या व्यापाराचीं बोलणीं करीत होता आणि मिऱ्यांच्या पोत्यांचा हिशेबहि ठेवीत होता. व्यवहार व वेड हीं एकाच डोक्यांत शेजारीं शेजारीं नांदत होतीं. लिस्बनला मात्र हवीं होतीं मिरीं. एवढे किल्ले कशाला, एवढा खर्च कशाला, असें दरबारांत विचारणारे वाढत चालले होते. अल्बुकर्कनें ज्यांना दोषी ठरवून स्वदेशीं धाडलें होतें ते तेथें जाऊन राजाचे कान भरीत होते.

१५१४ सालीं गुजरातच्या सुलतान मुजफ्फरानें त्याला एक गेंडा भेट दिला. दीवला किल्ला बांधण्याची परवानगी मागितली होती. ती मिळाली नाहीं, गेंडा मिळाला! अल्बुकर्कनें तो राजाकडे रवाना केला. मे १५१५ मध्यें तो लिस्बनला पोंचला आणि त्याच्या वर्णनावरून जर्मन चित्रकार ड्यूरर यानें काढलेलें चित्र आजहि जगभर प्रसिद्ध आहे. त्या वर्षीं लिस्बनच्या लोकांना हिंदुस्थानांतील गेंडा त्याच्या धाडणाराहून अधिक प्रिय झाला असावा. कारण गेंडा येण्यापूर्वींच, एप्रिलमध्यें, राजानें लोपु सोआरिश याला नवा गव्हर्नर म्हणून रवाना केलें होतें.

इकडे अल्बुकर्कला त्याची वार्ता नव्हती. तो ओर्मुझला होता. तेथील तरुण राजाला धाकांत ठेवणाऱ्या रईस अहमदास त्यानें भेटीच्या वेळींच ठार करविलें व तेथील किल्ला बांधून पुरा करीत आणला. त्या उन्हाळ्यांत त्याला अतिसार जडला. शरीर इतकें क्षीण झालें कीं त्यानें कप्तानांना बोलावून निरवानिरव केली. नोव्हेंबरमध्यें तो गोव्याकडे निघाला.

वाटेंत समुद्रावरच एका गलबताकडून त्याला बातमी मिळाली. नवा गव्हर्नर येऊन पोंचला आहे. ज्यांना त्यानें गुन्हेगार म्हणून परत पाठविलें होतें त्यांच्यापैकींच कांहीं आतां मानाच्या जागांवर नेमले गेले आहेत. दियोगु मेंदिश हा कोचीनचा कप्तान झाला आहे. राजासाठीं आपण माणसांशीं वाईट झालों आणि माणसांमुळें राजाशीं वाईट झालों, आतां मरणें बरें, अशा अर्थाचे उद्गार त्यानें काढले असें त्याचा मुलगा सांगतो. ६ डिसेंबर रोजीं त्यानें राजाला शेवटचें पत्र लिहविलें. त्यांत तक्रार जवळजवळ नाहीं. हिंदुस्थानचा कारभार आपल्याबद्दल स्वतःच बोलेल, माझ्या मुलाकडे पहावें, एवढाच त्याचा सारांश.

त्याला गोवा पहावयाचा होता. १५ डिसेंबरच्या रात्रीं जहाज मांडवीच्या तोंडाशीं आलें. पांच वर्षांपूर्वीं ज्या वाळूच्या दांड्यानें त्याला पावसाळाभर कोंडून ठेवलें होतें त्याच दांड्यापाशीं नांगर पडला. शहरांतून एक धर्मगुरु व वैद्य बोलाविण्यांत आले. त्यानें सांतियागोचा झगा अंगावर घालण्यास सांगितलें. १६ डिसेंबर १५१५ च्या पहांटे त्यानें प्राण सोडला. कमरेपर्यंत पोंचणारी पांढरी दाढी त्या झग्यावर पसरलेली, अशा स्थितींत त्याला खुर्चींत बसवून किनाऱ्यावर नेलें, आणि गोव्याचे लोक, ख्रिस्ती व हिंदु दोन्ही, रडत मागून चालले, असें वर्णन आहे. राजा मानुएलला मागाहून पश्चात्ताप झाला. अल्बुकर्कनेंच कारभारावर रहावें असें पत्र त्यानें पाठविलें. तें आलें तेव्हां तो पुरला गेला होता.

त्यानें बांधविलेल्या डोंगरावरच्या मातेच्या देवळांत त्याचें थडगें होतें. पुढील गव्हर्नरांच्या जुलुमानें गांजलेले लोक, हिंदु व मुसलमानसुद्धां, तेथें फुलें व दिव्याला तेल घेऊन येत आणि न्याय मागत, अशी हकीकत पोर्तुगीज ग्रंथकार देतात. पोर्तुगीज ग्रंथकार अशी गोष्ट आवडीनें लिहिणार हें उघड आहे, आणि मुसलमानांविषयींचा भाग मला जरा जड जातो. तरी सगळीच गोष्ट बनावट मानण्याचें कारण नाहीं. मागाहून आलेल्यांची लांच व लूट एवढी होती कीं, कठोर पण हातचा स्वच्छ म्हातारा लोकांना देव वाटूं लागावा, यांत अशक्य असें कांहीं नाहीं. १५१० च्या नोव्हेंबरांत ज्यांचीं घरें जळलीं त्यांच्यापैकीं मात्र दिवा लावावयास मागें कोण उरलें होतें?

ब्रासनें राजाच्या इच्छेनुसार बापाचें नांव धारण केलें आणि १५५७ सालीं त्याच्या पत्रांवरून त्याचें चरित्र प्रसिद्ध केलें. १५६६ मध्यें अस्थि लिस्बनला नेण्यांत आल्या. गोव्यावरील पोर्तुगीजांचा अंमल १९ डिसेंबर १९६१ रोजीं संपला. त्याचा ब्राँझचा पुतळा पूर्वीं पणजींत होता. आतां तो जुन्या गोव्याच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत आहे. तेथून थोड्या अंतरावर सेंट कॅथरिनचें लहानसें देऊळ आहे. ज्या वेशींतून अल्बुकर्क त्या दिवशीं शहरांत शिरला ती वेस येथें होती, असें सांगणारा एक शिलालेख त्याच्या भिंतींत बसविलेला आहे.